सड्यावर काय आहे?

मे महिन्यात रत्नागिरीकडे कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलात आणि उन्हं कलल्यावर ‘जरा सड्यावर जाऊन येतो’ म्हणालात, तर घरातलं वडीलधारं माणूस हमखास विचारतं, “सड्यावर काय आहे?” या प्रश्नाला उत्तर नको असतं. उत्तर त्यातच असतं: काही नाही. गाव खाली उतारावर, आंबा-काजू-फणसाच्या सावलीत; आणि गावाच्या डोक्यावर नजर पोचेल तिथवर पसरलेला काळा-तांबडा कातळ. झाड नाही, माती नाही, थेंबभर पाणी नाही. चपलेतून चटके बसतात. सातबाऱ्यावर अशा जागेची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ नाहीतर ‘पड’. देशातल्या पडीक जमिनींचे जे सरकारी नकाशे निघतात, त्यांतही उघड्या खडकाळ जमिनीला वेगळा रकाना आहे.

तोच सडा ऑगस्टमध्ये पाहावा. कातळ जवळजवळ दिसेनासा झालेला असतो. जांभळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फुलांचे पट्टे एकमेकांना खेटून, पण एकमेकांत न मिसळता उभे असतात. कुणी सुतळी धरून वाफे आखावेत तसे. इथे कुणी खणलेलं नाही, पेरलेलं नाही, खताची पाटी टाकलेली नाही. मग हे सगळं आलं कुठून? आणि मे महिन्यात ते होतं कुठे?

सजीव आणि त्यांचा परिसर यांचं नातं शाळेत आपण तळ्याच्या नाहीतर जंगलाच्या चित्रावरून शिकतो. सड्यावर तोच धडा अधिक उघड्यावर मांडलेला आहे. गुडघे टेकून बसायची तयारी मात्र हवी, कारण इथली बरीचशी झाडं वीतभरही उंच नसतात.

जेवून उठलेलं ताट

सडा जांभ्याचा असतो आणि जांभा हा उरलेला दगड आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या बेसॉल्टचा आहे, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या रूपाने पसरला. पुढे उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस या दोघांनी मिळून लाखो वर्षं तो धुतला. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे घटक पाण्याबरोबर निघून गेले, पाठोपाठ सिलिकाही गेली. मागे राहिली ती मुख्यतः लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. जांभ्याचा तांबडेपणा लोहाचा. ॲल्युमिनियम जिथे फार साचलं तिथे बॉक्साइट मिळतं. कोल्हापूरकडच्या पठारांवर त्याच्या खाणी आहेत.

हा दगड खाणीत ओलसर असताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो. कोकणातली घरं चिऱ्यांची आहेत ती याच गुणामुळे. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने केरळात अंगाडिपुरमजवळ लोकांना असे चिरे कापताना पाहिलं आणि १८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन नावावरून या दगडाला ‘लॅटेराइट’ म्हटलं.

घर बांधणाऱ्याला हा दगड सोन्यासारखा. झाडाच्या दृष्टीने मात्र हे जेवून उठलेलं ताट आहे. मुळांना लागणारे क्षार पावसाने कधीच नेले. फॉस्फरस थोडाफार असला तरी लोह आणि ॲल्युमिनियम त्याला इतका घट्ट धरून ठेवतात, की मुळांच्या हाती तो लागत नाही. नायट्रोजन यायचा तो हवेतून नाहीतर कुजलेल्या पाल्यातून. इथे पाला पडायला झाडच नाही. खळग्यात चिमूटभर माती साठली तरी पावसाळाभर ती पाण्याखाली. विरघळलेला नायट्रोजन वाहून जातो आणि उरलेल्यातला बराच पाणथळ मातीतले जिवाणू वायू करून हवेत सोडून देतात.

पाण्याची तऱ्हा तर आणखी वेगळी. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे एकच जागा चार महिने दलदल असते आणि उरलेले आठ महिने वाळवंट. दलदलीत राहणारं झाड उन्हाळ्यात मरेल आणि वाळवंटातलं झाड जुलैत कुजेल. सड्यावर टिकायचं तर दोन्ही जमायला हवं.

बोटांनी मोजायची माती

सड्यावर माती मोजायला बोटं पुरतात. अगदी उघड्या कातळावर ती नसतेच. पण तो काळा रंगही सगळा दगडाचा नाही. त्यात सूक्ष्म नीलहरित शैवालांचा आणि दगडफुलांचा वाळलेला थर असतो. पावसाचे दोन शिंतोडे पडले की हा थर जागा होतो. नीलहरित शैवालांतल्या काही जाती हवेतला नायट्रोजन बांधून घेतात. सड्यावरची पहिली मजुरी यांची.

एखाद-दोन बोटं माती आणि तिच्यावरून संथ झिरपणारं पाणी असेल तिथे गेंदाचे पांढरे गोंडे आणि सीतेच्या आसवांची जांभळी फुलं. माती आणखी थोडी जाड झाली की गवतं, तेरडा, कवला, सोनकी. पाणी खोल साठतं तिथे कुमुदिनी. साताऱ्याजवळ कास पठारावरच्या उथळ डबक्यांत वायतुरा, ज्याचा तुरा खरोखरच इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला असतो. कातळाला भेग असेल तर तिच्यात एखादं झुडूप. पट्टे आखल्यासारखे दिसतात त्याचं कारण हेच. मातीची जाडी आणि पाण्याची खोली दोन बोटांनी बदलली की रहिवासी बदलतात. उंच झाडाला पाय रोवायला जागाच नसल्यामुळे सावली कुणाचीच पडत नाही, आणि बोटभर उंचीच्या झाडालाही पोटभर ऊन मिळतं.

राहिला प्रश्न मे महिन्याचा. त्याला सड्यावर निरनिराळी उत्तरं आहेत. दीपकाडी आणि वायतुरा जमिनीखाली कंद होऊन पडून राहतात. दीपकाडीची पांढरी फुलं तर पहिल्या पावसाबरोबरच वर येतात, कारण शिदोरी कंदात आधीच भरलेली असते. गेंद आणि तेरडा बी होऊन थांबतात. उगवणं, फुलणं, बी धरणं हे सगळं त्यांना एका पावसाळ्यात उरकायचं असतं.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत चमत्कारिक. काही गवतं, नेचे आणि त्यांचे भाऊबंद मरतही नाहीत आणि जमिनीखालीही जात नाहीत. अंगातलं ९५ टक्क्यांपर्यंत पाणी गमावून ते कुरकुरीत वाळून उभे राहतात. बोटांनी चुरडले तर भुगा होईल. पण पाऊस पडला की त्याच वाळक्या पानात पुन्हा हिरवा रंग भरतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये पश्चिम घाटातल्या अशा ६२ प्रजातींची यादी मांडली. त्यातल्या कित्येक कातळांवरच्याच आहेत.

प्राण्यांनाही हाच हिशोब लागू. कातळातल्या खळग्यांत पाणी भरलं की काही दिवसांतच त्यात पारदर्शक, पाठीवर उलटं पोहणारे, नखाएवढे जीव दिसू लागतात. हे कोळंबीचे लांबचे नातेवाईक. त्यांची अंडी कोरड्या धुळीत उन्हाळा काढतात आणि पाणी लागताच फुटतात. त्यांच्यातल्या एका प्रजातीला २०१४ मध्ये सह्याद्रीवरून ‘सह्याद्रीएन्सिस’ असं नाव मिळालं. आंबोलीच्या सड्यावरचा पिवळट पट्ट्यांचा एक भेक २००९ मध्ये विज्ञानाच्या दप्तरात नोंदला गेला. जगात तो फक्त त्या भागातून माहीत आहे. पहिल्या पावसातच तो कातळावरच्या अगदी उथळ पाण्यात अंडी घालतो. अशा पाण्यात पिल्लं खाणारे मासे नसतात, हा फायदा. पाऊस आठवडाभर रुसला तर डबकंच आटतं, हा धोका. दोन्ही एकाच वाडग्यात.

भूक आणि तिचे उपाय

आता एका झाडापाशी गुडघे टेकू. ओल्या कातळाच्या कडेला तांबूस, केसाळ, बोटभर उंचीचं काहीतरी दिसेल. पानं दाभणासारखी बारीक, त्यांच्यावर उभे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा थेंब. सकाळी अकरा वाजले, आजूबाजूचं दव उडून गेलं, तरी हे थेंब जागचे हलत नाहीत, कारण ते दव नाहीच. तो चिकटा आहे. झाडाचं मराठी नाव मात्र गोड: दवबिंदू.

एखादं चिलट त्या चकाकीला भुलून उतरतं. एक पाय चिकटतो. तो सोडवायला दुसरा टेकावा, तर तोही अडकतो. धडपडीने शेजारचे केस हळूहळू त्याच्याकडे वळू लागतात. इतके हळू, की सतत पाहत राहिलं तर कळत नाही आणि पाच मिनिटं नजर दुसरीकडे वळवली तर फरक दिसतो. मग पाचक रस सुटतात, चिलटाचं मांस विरघळतं आणि नायट्रोजन-फॉस्फरस पानात शोषला जातो. चार-सहा दिवसांनी पानावर पंखांचं नि पायांचं टरफल तेवढं उरतं. चार्ल्स डार्विनने या कुळातल्या झाडांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं.

शेजारची सीतेची आसवं त्याहून साळसूद. वर नाजूक जांभळं फूल आणि खाली, ओल्या मातीत, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा पिशव्या. प्रत्येक पिशवीतलं पाणी झाड बाहेर उपसून टाकतं, त्यामुळे आत ताण तयार होतो. दारावरच्या केसाला एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट सावज खेचलं जातं. हा सगळा खेळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात संपतो. वनस्पतींच्या जगात याहून चपळ सापळे क्वचितच असतील.

झाडांनी शिकार का करावी? भूक हे उत्तर खरं, पण अर्धंच. उपाशी जमिनी जगात पुष्कळ आहेत. सगळीकडे झाडं मांसाहारी झालेली नाहीत. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश यांनी १९८४ मध्ये यामागचा जमाखर्च मांडला. चिकटा, रस, पिशव्या तयार करायला ऊर्जा लागते आणि असली पानं अन्न बनवण्याच्या कामात कच्ची असतात. हा खर्च परवडतो तो फक्त तीन गोष्टी जुळल्या तर: ऊन भरपूर, पाणी भरपूर आणि मातीत पोषण जवळजवळ शून्य. सावलीत तो परवडत नाही, कोरड्यात परवडत नाही, आणि सुपीक जमिनीत तर त्याची गरजच नाही. पावसाळ्यातल्या सड्यावर तिन्ही अटी एकत्र येतात.

पण सड्यावर भुकेला हा एकच उपाय नाही. ‘मिकी माऊस’ म्हणून पर्यटक ज्याचे फोटो काढतात, तो पिवळ्या फुलांचा कवला द्विदल कुळातला, म्हणजे मूग-तुरीच्या नात्यातला. त्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन बांधून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर पुरवतं. एकाच कातळावर, वीतभर अंतरावर, एक झाड चिलटं मारून जगतं आणि दुसरं जिवाणूंना पोटाशी धरून.

कंदीलपुष्पाने कीटक पकडण्याची वेगळीच रीत काढली आहे. त्याच्या कंदिलासारख्या फुलात माशी शिरते. नळीतले केस खाली वळलेले असल्यामुळे तिला परत वर येता येत नाही. पण इथे कुणी तिला खात नाही. काही काळाने केस कोमेजतात आणि माशी परागकण घेऊन सुटते. पुढच्या कंदिलात शिरायला मोकळी.

दगडाखालचं बिऱ्हाड

सड्यावर सुटे दगड विखुरलेले असतात. उन्हाळ्यात प्राण्यांना सावली मिळते ती यांच्याखालीच. छोटा दगड आरपार तापतो; जाड, रुंद दगडाच्या पोटाखाली भर दुपारीही त्या मानाने गारवा आणि ओल टिकते. म्हणून विंचू, गोमा, पाली आणि साप यांची बिऱ्हाडं तिथे असतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं डोर्ले हे गाव सरीसृपांच्या अभ्यासकांना या दगडांमुळेच माहीत आहे. पांढऱ्या पट्ट्यांची एक देखणी जमिनीवरची पाल १९६३ मध्ये इथून प्रथम नोंदली गेली. पाय नसलेल्या, गांडुळासारख्या दिसणाऱ्या पण बेडकाच्या नात्यातल्या देवगांडुळाची एक प्रजाती २००३ मध्ये इथूनच जगाला कळली.

आणि अर्थात फुरसं. अंगाच्या करवती खवल्यांवर खवले घासून फस्स आवाज करणारा हा छोटा विषारी साप रत्नागिरीत इतका होता, की एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने त्याला मारण्यासाठी बक्षीस लावलं आणि लाखांनी फुरशी मारली गेली. तरीही ती संपली नाहीत. त्यांची जागा शाबूत होती, दगड जागच्या जागी होते. तेव्हा सड्यावर जाल तर दगड उलटू नका, तुमच्यासाठीही आणि त्याच्यासाठीही. उलटलेला दगड पुन्हा तसाच बसत नाही. खालची ओल निघून जाते आणि एक घर मोडतं.

माणूस आणि गुरं

सडा माणसापासून कधी अस्पर्श नव्हता. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे. त्याच्या अंगावर इतर प्राण्यांची चित्रं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी अशा ठिकाणची ही प्रागैतिहासिक कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. ज्यांनी ती कोरली त्यांना सड्यावर ‘काही नाही’ असं नक्कीच वाटत नव्हतं.

पुढे सड्यावर गुरं आली आणि तीही या व्यवस्थेत सामावली. हे कळायला कास पठाराने मदत केली. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यात कास आलं. फुलं पाहायला गर्दी लोटू लागली. फुलांच्या संरक्षणासाठी जाळीचं कुंपण घातलं गेलं आणि त्या भागातली चराई थांबली. काही वर्षांनी गावकरी आणि अभ्यासक सांगू लागले, की कुंपणाच्या आत गवत उंच होतंय आणि बुटकी फुलझाडं मागे पडताहेत. गुरं चरत होती तोवर गवताची उंची आवाक्यात राहत होती. पुढे ते कुंपण काढून टाकलं गेलं. चराई अती झाली तर सडा उघडा पडतो, पार थांबली तर गवत चढतं. हे माप कुणी कागदावर ठरवलेलं नव्हतं, ते सवयीने सांभाळलं गेलं होतं.

सुधारणेची गोष्ट

जांभा दिसायला कडक, पण आतून सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेल्या पावसातला मोठा वाटा वाहून जातो हे खरं. उरलेला खळग्यांतून, भेगांतून हळूहळू आत मुरतो. खाली चिकणमातीचा थर लागला की त्याची वाट अडते आणि ते पाणी उताराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. कोकणातली कित्येक गावं सड्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेली आहेत. झरा तिथे आहे, म्हणून विहीर तिथे आणि म्हणून वाडीही तिथे.

गेल्या काही दशकांत सड्याची ‘सुधारणा’ सुरू झाली. सुरुंग लावून नाहीतर यंत्राने कातळ फोडायचा, खड्ड्यात दुसरीकडून आणलेली माती भरायची, हापूसची कलमं लावायची. सुटे दगड गोळा करून गडगे घालायचे. कुठे चिरेखाण, कुठे प्लॉट. यात कुणाला दुष्ट ठरवायचं कारण नाही; आंब्यावर माणसांची घरं चालतात आणि गडग्याच्या फटींत काही पाली-सरडे बिऱ्हाड थाटतातही. पण बदलतं काय ते पाहावं. खळगे बुजले की भेकाची नि उलट्या पोहणाऱ्या जीवांची डबकी गेली. दगड उचलले की देवगांडुळाचं छप्पर गेलं. आणि खत पडलं की दवबिंदूचा सगळा जमाखर्च कोसळला. त्याचं भांडवल म्हणजे इतरांना न झेपणारी गरिबी. जमीन सुपीक झाली की भराभर वाढणारी गवतं येतात, त्यांची सावली पडते आणि चिलटं पकडायचा खटाटोप नुसता खर्च ठरतो. जंगल राखायचं तर झाडं तोडू नयेत हे आपल्याला पटलेलं आहे. सडा राखायचा तर तिथे झाडं लावू नयेत, माती टाकू नये, खत घालू नये, हे पचायला जड जातं. वृक्षारोपणाच्या हौशी मंडळींना तर फारच.

‘पोटखराबा’ हा शब्द शेतसारा ठरवणाऱ्यांचा. ज्या जमिनीत पीक येत नाही ती खराब, एवढाच त्याचा अर्थ. त्या कामापुरता तो बरोबरही होता. घोटाळा होतो तो तोच रकाना पाहून जमिनीचं भवितव्य ठरवताना. लाखो वर्षांच्या धुण्याने हा कातळ दरिद्री केला आणि त्या दारिद्र्याला धरून कुणी कंद झालं, कुणी शिकारी, कुणी मेल्याचं सोंग घेऊन उभं राहिलं. यातल्या कित्येकांना दुसरीकडे, चांगल्या जमिनीत, जागाच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी सड्यावर निघताना ओसरीवरून कुणी आजोबा विचारतील, “सड्यावर काय आहे?” वाद घालू नये. ते विचारत असताना त्यांच्या हातात कपबशी असेल, आणि मे महिन्यातल्या त्या चहाचं पाणी घरामागच्या विहिरीतलं. ते बहुधा गेल्या पावसात त्याच कातळावर पडलेलं असतं.